उपाध्ये डॉक्टरांचं ग्रीक

"काशीद, धूमकेतूला इंग्रजीत काय म्हणतात?"

गालाला साबण लावलेला माणूस बोलायला लागला की फेस तोंडात जातो, आणि गेला की तो माझ्यावरच खेकसतो. म्हणून मी ऐकलं न ऐकलं करून ब्रश फिरवत राहिलो.

"कॉमेट," डॉक्टरांनीच उत्तर दिलं. "ग्रीकमध्ये कोमे म्हणजे डोक्यावरचे केस. कोमेटेस म्हणजे लांब केसांचा. केस मोकळे सोडून जाणारा तारा. तुझ्या धंद्यातला शब्द, आणि तुला माहीत नाही."

"आभाळातली गिऱ्हाइकं माझ्याकडं येत नाहीत, साहेब."

"येत नाहीत म्हणून शिकायचं नाही का?"

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मिरजेत स्टेशन रस्त्याला माझं सलून होतं, आता ते मुलगा बघतो. उपाध्ये डॉक्टर कातडीच्या आणि केसांच्या रोगांचे. कॉलेजात शिकवून निवृत्त झाले होते आणि घरीच संध्याकाळी दोन तास पेशंट तपासायचे. दर दुसऱ्या शनिवारी सकाळी माझ्याकडं यायचे. शनिवारी आमच्याकडं लोक डोक्याला वस्तरा लावून घेत नाहीत, दुकान ओस असतं, त्यामुळं व्याख्यान ऐकायला मी एकटा तावडीत सापडायचो. अकरा वर्षं हे चाललं होतं. तरुणपणी कुणा पाद्र्यानं त्यांना एक जाडजूड ग्रीक कोश दिला होता आणि त्याची शिक्षा मी भोगत होतो.

केसाला थ्रिक्स म्हणतात हे मला माहीत होतं. केस उपटायच्या वेडाला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात हेही माहीत होतं. पोटात केसांचा गोळा होतो त्याला ट्रायकोबेझोआर म्हणतात आणि त्या शब्दावर डॉक्टरांचा भयंकर राग होता, कारण त्यातलं थ्रिक्स ग्रीक आणि बेझोआर मूळचा फारसी, पादजहर, विषावरचा उतारा. "अर्धं धोतर, अर्धा पायजमा," ते म्हणायचे, "असला शब्द कुणी शिवला असेल?" हा राग त्यांनी माझ्या दुकानात निदान सहा वेळा काढला होता. मी काय शिवला होता तो शब्द?

एकदाच काय ते मी त्यांना गप्प केलं. पिटिरियासिस म्हणजे डोक्यातला कोंडा, ग्रीकमध्ये पिटिरोन म्हणजे धान्याचा भुसा, बघ किती अचूक नजर त्या लोकांची, असं त्यांचं चाललं होतं. मी म्हटलं, "साहेब, माझी आई गव्हाच्या पिठातून काढायची तोही कोंडा आणि माझ्या डोक्यातून काढायची तोही कोंडाच. तिला कुठलं आलं ग्रीक?" तो शनिवार मला अजून आठवतो.

पण मी सांगत होतो तो दिवस. दाढीच्या आधी केस कापून झाले होते. केस झाले की हातातला आरसा गिऱ्हाइकाच्या मानेमागं धरायचा, म्हणजे समोरच्या आरशात त्याला मागची बाजू दिसते. मी धरला. डॉक्टरांनी समोर बघितलं, मान डावीकडं केली, उजवीकडं केली आणि म्हणाले, "छान. एकसारखे झालेत." आरसा खाली ठेवताना मला दिसलं की वैतागाच्या भरात मी तो उलटा धरला होता. डॉक्टरांना मी आरशाच्या पाठीवरची तेलाच्या कंपनीची जाहिरात दाखवली होती. मनात म्हटलं, बघा, या माणसाचं लक्षच नाही, सगळा जीव त्या ग्रीकमध्ये. आणि साबणाचा ब्रश उचलला.

डावा गाल करून झाला तोवर दारात माझी थोरली बहीण उभी. आक्का आरगला दिलेली. एसटीनं आली होती, बरोबर तिची तेरा वर्षांची पोरगी, कांचन. पोरीच्या डोक्याला गच्च स्कार्फ. आमच्या दुकानात बायका येत नाहीत. आक्का तर बाहेरून हाक मारायची आणि तिथूनच घरी जायची.

"मुकुंदा, हिचा गोटा कर," ती आत येत म्हणाली.

"कुणाचा?"

"हिचा. दुसरं कोण हाय हितं?"

"आक्का, गिऱ्हाईक बसलंय. घरी जा, मी येतो दुपारी."

"दुपारची एसटी हाय माझी. म्हशी कोण बघणार?"

तिनं पोरीचा स्कार्फ ओढून काढला. डाव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. कांचनचं जावळ मीच काढलं होतं, मामा म्हणून मांडीवर घेऊन आणि न्हावी म्हणून कात्री चालवून. इतके दाट केस आमच्या घरात दुसऱ्या कुणाचे नव्हते.

"चाई लागलीया," आक्का म्हणाली. "चार म्हयनं झालं. कांदा चोळला, लसूण चोळला. सासू म्हणती, समदं काढून टाका, नवं केस चांगलं येतील."

"आणि शाळेत काय गोटा करून जायचं तिनं?"

"शाळा कवाच सुटली तिची. सातवी झाली की. बास झालं."

कांचन खाली बघत होती. मनगटं काडीसारखी झाली होती. मी विचारलं, "जेवते का नाही ही?"

"दोन घास खाल्लं की पोट भरलं म्हणती. न्हायतर वकती. पित्ताचं हाय ते. तू केसाचं बघ."

खुर्चीतून आवाज आला, "कोण आहे? कुणाला चाई लागली म्हणतात? इकडे आणा."

मी डोळे मिटून घेतले. आता हे अर्धा तास चालणार. मोठे डॉक्टर म्हणून आक्का त्यांना ओळखत होती, तिला मात्र देव भेटल्यासारखं झालं. तिनं पोरीला खुर्चीजवळ ढकललं. डॉक्टरांनी एका गालावर साबण तसाच ठेवून हात पुढं केला आणि उघड्या जागेवरून बोटं वरच्या वर फिरवली, देवळात अंगारा लावतात तितपतच.

"वाटोळी जागा. एकच. मोकळी. अलोपेशिया एरिएटा," ते म्हणाले. "बाई, अलोपेक्स म्हणजे कोल्हा. ग्रीक लोकांनी अंगावरचे केस झडलेले कोल्हे पाहिले आणि माणसाच्या रोगाला तेच नाव दिलं. अडीच हजार वर्षं झाली त्याला."

"कोल्हा?" आक्का घाबरली. "कोल्हं चावलंय व्हय हिला?"

"कुणी चावलं नाही. आपोआप भरून येतं. मी मलम लिहून देतो. सहा महिने लावा."

"आन गोटा?"

"करायचा तर करा. मलम लावायला सोपं पडेल."

झालं. आता आक्का माझं कशाला ऐकते? डॉक्टरांची अर्धी दाढी तशीच राहिली आणि मला पोरीला शेजारच्या खुर्चीत बसवून तिच्या गळ्यात कापड अडकवावं लागलं. डॉक्टरांचा राग, आक्काचा राग, तिच्या सासूचा राग, सगळे एकदम आले होते. माझा हात जोरात चालत होता. समोरच्या आरशात कांचननं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. वस्तऱ्यात नवीन पान घातलं. डोक्याला पाणी लावलं.

कोरडे केस काहीही सोंग करतात, पण ओले झाले की हाताला खरं काय ते कळतं. त्या उघड्या जागेवर माझी बोटं अडखळली.

चाईच्या जागा मी शेकड्यांनी बघितल्या आहेत. चाई पडलेली कातडी गुळगुळीत असते, हात घसरतो. इथं खुंट लागत होते. एक तिळाएवढा, एक तांदळाएवढा, एक बोटाच्या पेराएवढा. केस गळतो तेव्हा मुळासकट गळतो, असा मधूनच तुटत नाही. आणि वस्तऱ्यानं कापलेले असते तर सगळे एका उंचीचे असते. हे केस हातानं, वेगवेगळ्या दिवशी, एकेक करून ओढलेले होते.

जागा डाव्या बाजूला होती. कांचन डावखुरी. लहानपणी डाव्या हातानं जेवते म्हणून आक्कानं किती चोपलं होतं तिला.

आणि सातवीची परीक्षा होऊन, म्हणजे शाळा सुटून चार महिने झाले होते, चाई लागूनही चार महिने.

मी फरशीकडं बघितलं, कापडाकडं बघितलं. इतके केस उपटले तर ते गेले कुठं? घरात सापडले असते तर आक्कानं चार महिन्यांत एकदा तरी बोंब मारली असती. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणते. ते अर्धं धोतर, अर्धा पायजमा मला एकदम आठवलं.

मी डॉक्टरांकडं वळलो. इतका मोठा माणूस, आयुष्य याच कामात गेलं, त्याला कसं दिसलं नाही? डॉक्टर अजून बोलत होते. "घाबरू नकोस, मुली. कोल्ह्याचे केससुद्धा परत येतात," असं ते हसून सांगत होते. सांगत होते भिंतीजवळच्या बाकड्याला. बाकडं रिकामं होतं. कांचन केव्हाच शेजारच्या खुर्चीत बसली होती, त्यांच्यापासून दोन हातांवर.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. वर्षभर ते चष्मा घरी विसरत होते आणि पेपरातले मथळे मला वाचायला लावत होते. खुर्चीत बसताना आधी तिचा हात चाचपायचे. आणि आज सकाळी मी त्यांना तेलाची जाहिरात दाखवली आणि ते छान म्हणाले.

दिसत नव्हतं त्यांना. आणि रोज संध्याकाळी दोन तास ते पेशंट तपासत होते.

मला इतकी चीड आली की वस्तरा आपटावा असं वाटलं. आणि त्याच वेळी वाईटही तितकंच वाटलं. सरळ म्हणालो असतो की साहेब, तुम्हाला दिसत नाही, तर आक्कासमोर त्या माणसाचं सगळं गेलं असतं. संध्याकाळपर्यंत आरगला आणि रात्रीपर्यंत मिरजेत बोभाटा झाला असता. आणि नुसतं आक्काला सांगितलं असतं की पोरगी केस उपटून खाते, तर तिनं आधी पोरीच्या थोबाडीत मारली असती आणि मग मला म्हणाली असती, डॉक्टर मोठा का तू मोठा? गप्प बसलो असतो तर गोटा झाला असता, खुंट गेले असते आणि पोरगी मलम लावत घरी मेली असती.

"साहेब," मी म्हणालो, "एक शब्द अडलाय."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. अकरा वर्षांत मी आपणहून पहिल्यांदाच काही विचारत होतो.

"विचार की."

"थ्रिक्स म्हणजे केस. त्याच्यापुढं ते टिल्लो का काय असतं, त्याचा अर्थ काय सांगितला होता तुम्ही?"

"उपटणे. ओढून काढणे. ट्रायकोटिलोमेनिया. पण तो रोग वेगळा. त्याचं इथं काय काम?"

"असंच आठवलं. आणि दुसरा तो, ज्याच्यावर तुम्ही चिडता. अर्धा ग्रीक, अर्धा फारसी."

आक्का वैतागून म्हणाली, "मुकुंदा, ही शाळा नंतर कर. माझी एसटी जाईल."

"जाऊ दे एसटी," मी म्हणालो.

डॉक्टर हळूहळू उठले. गालावरचा साबण वाळला होता. त्यांचा हात हवेत पुढं आला. मी तो धरला आणि आक्काला ऐकू जाईल असं म्हणालो, "फरशी ओली आहे, साहेब, जपून." दोन पावलं चालवून मी त्यांची बोटं त्या खुंटांवर ठेवली. या वेळी ती वरच्या वर फिरली नाहीत. केसांच्या उलट दिशेनं गेली, थांबली, परत गेली. एकेक खुंट त्यांनी दोन बोटांत धरून बघितला. असे हात मी त्यांचे कधी पाहिले नव्हते.

"मुली, तू डावखुरी आहेस का?"

"हो," कांचन म्हणाली. दुकानात आल्यापासूनचा हा तिचा पहिला शब्द.

"बाकड्यावर झोप जरा."

त्यांनी तिच्या बरगड्यांखाली पोट दाबून बघितलं, तेव्हा तिनं ओठ दाबून धरले. मीही नंतर हात लावला. आत हाताला टणक काहीतरी लागत होतं.

"बाई," डॉक्टर आक्काला म्हणाले, "माझं चुकलं. ही चाई नाही. गोटा करायचा नाही. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं आहे. ही स्वतःचे केस ओढते आणि गिळते. त्यांचा पोटात गोळा झालाय."

"माझी पोर केस खाती?" आक्काचा आवाज चढला, हातही वर गेला. "काय गं? भुकेली ठेवली व्हय तुला मी?"

डॉक्टर आवाजाच्या दिशेनं वळले आणि दोघींच्या मध्ये उभे राहिले. "मारायचं नाही. हा आजार आहे. याला ग्रीकमध्ये..." ते थांबले. "आजार आहे, बाई. एवढंच."

कांचन बाकड्यावरूनच माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, मी मुद्दाम न्हाई करत. शाळा सुटल्यापासनं आपोआप हात जातो."

आक्का तिथंच फरशीवर बसली आणि पदराला डोळे लावून रडली. मी रिक्षा बोलावली. अर्धी दाढी केलेले डॉक्टर आमच्याबरोबर रिक्षात बसले, आणि दवाखान्यातल्या लोकांनी त्या दाढीबद्दल काही विचारलं नाही, कारण तिथला सर्जन त्यांचाच विद्यार्थी होता.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. सर्जननं मला ट्रेमध्ये तो गोळा दाखवला. काळा, चिकट, आणि पोटाच्या पिशवीचाच आकार घेतलेला. आयुष्यभर मी लोकांचे केस झाडून सुपलीत भरले, कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मात्र मी ट्रेकडं दुसऱ्यांदा बघितलं नाही. आणखी महिनाभर गेला असता तर कठीण होतं, असं सर्जन म्हणाला.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, डॉक्टर दुकानात आले. खुर्चीचा हात चाचपून बसले. मी कापड बांधलं.

"पोरगी कशी आहे?"

"माझ्याकडंच ठेवून घेतलीय. येत्या सोमवारपासून इथल्या शाळेत जाईल. आक्का आठ दिवस बोलली नाही, आता बोलते."

"हात?"

"जातो अजून. मी ओरडत नाही. तुमच्या त्या विद्यार्थ्यानं मनाच्या डॉक्टरीण बाईंकडं पाठवलंय, त्यांच्याकडं नेतो."

मी कात्री चालवायला सुरुवात केली.

"तू शब्द विसरला नव्हतास, काशीद."

"नाही."

"कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी. आरसा उलटा धरला होता मी. तुम्ही छान म्हणालात."

डॉक्टरांनी मान हलवली. "मधोमध काळं दिसतं. कडेचं थोडं थोडं दिसतं. वर्ष झालं. उपाय नाही म्हणतात."

मी कात्री थांबवली. दोन आठवडे मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, पण राहवलं नाही. "आणि तरी पेशंट बघत होता? साहेब, ती माझी भाची होती म्हणून मी डोक्याला पाणी लावलं. बाकीच्यांना कोण पाणी लावणार होतं?"

मला वाटलं, उठून जातील. ते बसून राहिले.

"दारावरची पाटी काढली," ते म्हणाले. "वर्षभरात जे जे येऊन गेले त्यांना मुलाकडून निरोप पाठवतोय, पुन्हा दुसऱ्याला दाखवा म्हणून." मग म्हणाले, "रोग डोळ्यांनी ओळखायचा असतो रे आमच्यात. ते गेलं. शब्द तेवढे सगळे राहिले. म्हणून बोलत असायचो."

पुढचं सगळं गप्प झालं. धूमकेतू नाही, कोल्हा नाही, भुसा नाही. अकरा वर्षं ज्या शांततेसाठी मी देवाला साकडं घातलं होतं ती अखेर मिळाली, आणि मला दुकानात उभं राहवेना. या माणसानं बोलून वैताग आणला होता, आता न बोलून आणला.

केस झाले. मी हातातला आरसा घेतला, या वेळी सुलट आहे ना ते बघितलं आणि मानेमागं धरला. डॉक्टरांनी सवयीनं समोर बघितलं, मान डावीकडं केली, उजवीकडं केली.

"छान," ते म्हणाले.

"छान काय? थांबा, मी सांगतो." मी आरसा जरा वर घेतला. "मानेवर सरळ रेघ आलीय. उजव्या कानामागं दोन केस राहिलेत, ते आत्ता काढतो. कडेचे सगळे पांढरे झालेत. आणि शेंडीच्या जागी विरळ झालंय."

"किती?"

"रुपयाएवढं."

त्यांची पाठ ताठ झाली. "गुळगुळीत आहे? अलोपेशिया?"

"नाही साहेब. वय."

आरशात त्यांचा चेहरा मला दिसत होता. ओठ जरासे हलले.

"वयाला, म्हणजे म्हातारपणाला, ग्रीकमध्ये काय म्हणतात माहीत आहे का तुला?"

माहीत होतं. तीनदा सांगून झालं होतं.

"नाही साहेब," मी म्हणालो. "सांगा."